बसऱ्याची ऑफर घ्यावी का? देश नंतर बघ, आधी पहिले दहा दिवस बघ

तुझा प्रश्न मला नीट कळलाय का बघ. वय २९, भोसरीत डिझेल जनरेटरच्या सर्व्हिसला आहेस, हातात ४६ हजार येतात, मोशीत फ्लॅट घेतलाय त्याचा हप्ता २१ हजार, पोरगी दीड वर्षाची. इराकमधे बसऱ्याजवळच्या ऑइल फिल्डवर महिना २२०० डॉलरची ऑफर आलीय, ९० दिवस काम मग ३० दिवस घरी, एजंट दीड लाख मागतोय आणि आठ दिवसांत हो की नाही सांग म्हणून मागे लागलाय. बायको म्हणते तुम्ही ठरवा, आई रोज रडते. आणि मावसभावाला बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी लागलीय तर त्याचंही काय ते सांगा असं तू शेवटी लिहिलंयस. सगळं मिळून विचारलंयस एवढंच, की सर, इराक आता सेफ आहे का.

मी चिंचवडचा, पंप आणि जनरेटरच्या कमिशनिंगमधे, म्हणजे नवी मशीन बसवून चालू करून देण्यात, २४ वर्षं झाली, त्यातली ११ बाहेर. लिबिया, मग दक्षिण इराक, मधेमधे सुदानच्या छोट्या ट्रिपा. दोनदा अशी वेळ आली की सामान टाकून निघावं लागलं. म्हणून जे लिहितोय ते ऐकीव नाहीये.

तर पहिली गोष्ट, इराक सेफ आहे का ह्या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण इराक म्हणजे एक जागा नाही. जून २०१४ मधे आयसिसने मोसुल घेतलं तेव्हा तिथल्या बांधकामावरचे ४० भारतीय कामगार पळवले, त्यातला एक सुटला, बाकीचे ३९ जण मारले गेलेत हे सुषमा स्वराजांनी संसदेत सांगितलं ते थेट २० मार्च २०१८ ला, म्हणजे पावणेचार वर्षं त्यांच्या घरच्यांनी वाट बघितली. त्याच जूनमधे मी बसऱ्याजवळ पंप स्टेशनवर होतो आणि आमच्या कॅम्पात नेहमीसारखी ड्युटी चालू होती, मेसमधे भात कच्चा राहिला म्हणून भांडणं होत होती. मोसुल ते बसरा अंतर नऊशे किलोमीटरच्या वर आहे, पुणे-नागपूरपेक्षा लांब. पण टीव्हीवर "इराकमधे" एवढंच येतं, आणि माझी आई इकडे चिंचवडला तीन दिवस जेवली नव्हती. तेव्हा प्रश्न देशाचा नाही विचारायचा, गावाचा विचारायचा, रस्त्याचा विचारायचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तुला तिथं नेणाऱ्या माणसाचा विचारायचा. हे मी लिबियात शिकलो ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

फेब्रुवारी २०११. बेनगाझीच्या बाहेर ४० किलोमीटरवर आमचा कॅम्प, ६३ माणसं, त्यात मराठी आम्ही सात. १५ तारखेच्या रात्री शहरात गडबड सुरू झाली, १७ ला गोळीबार, मग मोबाइल बंद, नेट बंद. तोपर्यंत लिबिया इतका शांत देश की आम्ही शुक्रवारी बाजारात हिंडायचो, कुणी चोरी करत नसे. आमचा साइट मॅनेजर परदेशी होता, तो १९ तारखेला "शहरातून सॅटेलाइट फोन घेऊन येतो" म्हणून गाडी घेऊन गेला तो परत आला नाही. त्याला दोष देत बसत नाही, त्यालाही पोरंबाळं असतील, पण ऑफिसचं कपाट उघडलं तेव्हा कळलं की आमचे पासपोर्ट तिथं नाहीतच, रहिवासी परवाना रिन्यू करायला म्हणून सगळे त्रिपोलीच्या ऑफिसला पाठवलेले, म्हणजे हजार किलोमीटर लांब, आणि मधे लढाई.

मी त्या दिवशी काय केलं तर डिझेलच्या टाकीत डिपस्टिक टाकली. ४०० लिटर. आमचा ६२.५ केव्हीएचा सेट दिवसरात्र चालायचा, अर्ध्या लोडला तासाला साधारण ९ लिटर, म्हणजे हिशेबाने दोन दिवसही नाही. मग आम्ही एसी सगळे बंद केले, सेट दिवसातून तीनच तास चालवायचा ठरवलं, बोअरचा पंप आणि मेसचा फ्रीजर तेवढ्याच वेळात, त्याच वेळात सगळ्यांनी चार्जिंग करून घ्यायचं. तीन तासांचे २७ लिटर, म्हणजे चौदा-पंधरा दिवस निघतात. रोज सकाळी सात वाजता मी आणि सांगलीचा एक फिटर, आम्ही डिपस्टिक फडक्याने पुसून टाकीत सोडायचो, वर काढायचो आणि जो काय आकडा येईल तो मेसच्या दारावर खडूने लिहायचो. लोक त्या आकड्याकडे बघून धीर धरायचे, खरंच सांगतो, बातम्या नसताना तो एकच आकडा खरा होता. ब्रेड आमचा स्टोअरकीपर आणायचा, बेनगाझीचाच, साठीतला माणूस, त्याचा स्वतःचा पुतण्या त्या गोळीबारात गेलेला, तरी रोज सकाळी पिकअपमधे ब्रेडच्या थैल्या घेऊन यायचा आणि गेटवर दोन तास बसून राहायचा, म्हणजे कुणी आलं तर अरबीत बोलायला आपला माणूस असावा. त्याला कुणी पगार देणार नव्हतं.

आपलं सरकार आलं. २६ फेब्रुवारीपासून त्रिपोलीतून विमानं सुटायला लागली, बेनगाझीसाठी स्कॉशिया प्रिन्स नावाची मोठी फेरी बोट लावली, तिने अलेक्झांड्रियाला नेलं आणि तिथून विमानाने घरी. सगळी मिळून १५ हजारांवर माणसं त्या वेळी लिबियातून परत आणली. बंदरावर ज्यांच्याकडे पासपोर्टची झेरॉक्स होती त्यांचं इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्टऐवजी घरी यायचा कागद, पटकन झालं, ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हता ते रात्रभर बसून होते.

आता नीट तारखा बघ. १७ ला पेटलं, २६ ला पहिलं विमान. मधे नऊ दिवस. घरी आल्यावर मला वाटलं आपलं नशीब खराब म्हणून उशीर झाला, पण नंतर प्रत्येक वेळी मी तारखा मोजत गेलो आणि दरवेळी तेच निघालं. १९९० ला सद्दामने २ ऑगस्टला कुवेत घेतलं, जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुरू झाली १३ ऑगस्टच्या सुमारास, पुढे ऑक्टोबरपर्यंत पावणेदोन लाखाच्या आसपास माणसं आणली, जगात असं कुणी केलं नव्हतं, पण पहिले दहा-अकरा दिवस लोक आपापल्या हिमतीवर होते. सुदान २०२३, १५ एप्रिलला शनिवारी सकाळी खार्टुममधे लढाई सुरू झाली ती विमानतळावरच, म्हणजे पहिल्या तासात बाहेर पडायचा रस्ताच बंद, आपल्या लोकांना काढायचं ऑपरेशन कावेरी जाहीर झालं २४ एप्रिलला. तोवर ऐन रमजानच्या उन्हाळ्यात लोक नळाला पाणी नाही अशा खोल्यांत आडवे पडून होते, आणि मग पोर्ट सुदानपर्यंत साडेआठशे किलोमीटर बसने, तिथून जहाजाने नाहीतर विमानाने जेद्दा. युक्रेनला २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं, दोन दिवसांत बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईत उतरलं हे खरं, पण सुमी शहरात अडकलेली आपली शिकणारी पोरं बाहेर पडली ८ मार्चला, बर्फ वितळवून पाणी प्यायली ती पोरं. येमेनमधे २०१५ ला आपलं नौदल त्यामानाने लवकर पोचलं, पाच दिवसांत एडनच्या किनाऱ्याला जहाज लागलं, आणि एकूण ४६४० भारतीय काढले.

म्हणजे आपलं सरकार येतं, ह्याबाबतीत माझ्या मनात शंका नाही, आणि ज्या लोकांनी ह्या मोहिमा केल्या त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण यायला साधारण पाच ते बारा दिवस लागतात, लागणारच, परवानग्या असतात, लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलावं लागतं, बसेस मिळवाव्या लागतात. ते पहिले दहा दिवस तुझे. त्या दहा दिवसांत तुझ्याजवळ कोण असणार, पाणी किती असणार, पासपोर्ट कुठं असणार, हे जर तुला आज पुण्यात बसून सांगता आलं तर ऑफरचा विचार कर. नाही सांगता आलं तर पगार दुप्पट असला तरी नको.

तर एजंटला नाही, कंपनीच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घ्यायला लाव, आणि पगाराचं सोडून हे विचार. कॅम्प कुठं आहे, नकाशावर दाखवा. कॅम्प ते साइट रोजचा प्रवास किती आणि कोणत्या गाडीने, बरोबर सिक्युरिटीची गाडी असते का, रोज सकाळी निघायच्या आधी रस्त्याची खबर कोण देतं. ज्या कंपनीत हे नीट चालतं तिथला माणूस लगेच सांगतो, की बाबा सहाला ब्रीफिंग होतं, गाडीचा नंबर आणि माणसांची नावं रेडिओ रूमला जातात, वाटेत दोन ठिकाणी कॉल द्यायचा, पोचला नाहीस तर वीस मिनिटांत शोधायला सुटतात. हे सगळं त्याच्या तोंडपाठ असतं कारण तो रोज करतो. आणि जिथं चालत नाही तिथला माणूस म्हणतो, "अरे काही नाही होत, आपली तीनशे पोरं आहेत तिथं." हे वाक्य ऐकलंस की मला तरी पुढे बोलायची इच्छा राहत नाही. तीनशे पोरं आहेत ही सुरक्षितता नाही, तीनशे पोरांना बाहेर कसं काढणार हे सांग.

मग विचार, एअरस्पेस बंद झालं तर काय करता. हे काल्पनिक नाहीये, जून २०२५ मधे इस्रायल आणि इराणची लढाई झाली तेव्हा इराकने आपलं आकाश बंद केलं होतं, इराकवर कुणी चाल केली नव्हती तरी. बसऱ्याच्या दक्षिणेला सफवानला कुवेतची हद्द लागते, तासाभराचा रस्ता, पण भारतीय पासपोर्टवर कुवेतचा व्हिसा हातात नसेल तर ती हद्द जवळ असून उपयोग नाही, पूर्वेला शलमचाहून इराण, पण लढाई तिकडचीच असेल तर तोही गेला. आपला दूतावास बगदादला आहे आणि कॉन्सुलेट उत्तरेत एर्बिलला, दोन्ही तुझ्यापासून लांब. म्हणून ज्या कंपनीने पर्यायी रस्ता कागदावर लिहून ठेवलाय, कॅम्पात किमान दोन आठवड्यांचं पाणी, डिझेल, शिधा ठेवलाय, तिथंच जायचं. तू जनरेटरवाला आहेस, तुला टाकीची साइज आणि लोड विचारायला लाजायचं कारण नाही. उलट आवडतं त्यांना.

पासपोर्टचं एकदम स्पष्ट सांगतो. परवान्याच्या कामाला आठ-दहा दिवस द्यावा लागतो ते ठीक, पण काम झालं की परत तुझ्या हातात. "सगळ्यांचे ऑफिसात ठेवतो, हरवू नये म्हणून" हे चालणार नाही. आणि ऑइल फिल्डच्या कामाला मल्टिपल एंट्री-एग्झिटचा व्हिसा मिळतो तो हातात येईपर्यंत विमानात बसू नकोस. "व्हिजिटवर या, तिथं कन्व्हर्ट करू" असं कुणी म्हणालं तर तो तुला तिथं बेकायदा करून ठेवणार, मग दहा दिवस सोड, साधं आजारी पडलास तरी चेकपोस्टवरून हॉस्पिटलला जायची भीती वाटेल.

एजंटचे दीड लाख. कायद्याने नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी, ह्यापेक्षा जास्त घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचा लायसन्स नंबर टाकून बघ, नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे का सगळं दिसतं. तू दहावीच्या पुढे शिकलेला म्हणून तुझा पासपोर्ट ईसीएनआर असणार, म्हणजे कमी शिकलेल्यांना कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी, एमिग्रेशन क्लिअरन्स, लागते अशा १८ देशांच्या यादीत इराक असूनही तुला त्याची सक्ती नाही. बरीच पोरं म्हणतात बरं झालं, एक कटकट वाचली, पण ती कटकट आपल्याच भल्याची असते. ज्यांना क्लिअरन्स लागतो त्यांचं काँट्रॅक्ट सरकारी यंत्रणेत चढतं, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. तुला हे आपणहून बघावं लागेल. ई-मायग्रेटवर स्वतःहून नोंद करता येते, ती कर, पोचल्यावर दूतावासात नाव नोंदव, कॅम्पच्या पत्त्यासकट. नोंद नसलेल्या माणसाला शोधणार कोण.

इन्शुरन्सबद्दल कंपनी म्हणेल "फुल कव्हर आहे". कार्ड नको, पॉलिसीचं वर्डिंग माग. बहुतेक प्रवासी पॉलिसींमधे युद्ध, यादवी, दंगल हे बाहेर ठेवलेलं असतं, म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून तू विमा घेतोयस तेवढीच त्यात नसते. जखमी झालास तर दुबईला नाहीतर भारतात विमानाने न्यायचा खर्च कोण करणार ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि तुझा स्वतःचा टर्म प्लॅन असेल तर विमा कंपनीला मेल कर की मी इराकला कामाला चाललोय, आणि उत्तर लेखी घे. फोनवर "हो सर, चालतं सर" म्हणणारी व्यक्ती क्लेमच्या वेळी नसते.

आता बसऱ्याबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं धोका म्हणजे बॉम्बच. आपल्याकडे आज्जीच्या नथीतले बसऱ्याचे मोती एवढीच आपली ओळख, पण तिथं जुलै-ऑगस्टला पारा ५० च्या पुढे जातो, वीज जाते, नळाला खारं पाणी येतं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या पाण्याने लाखाच्या वर माणसं हॉस्पिटलात गेली आणि लोक रस्त्यावर आले, सप्टेंबरमधे सरकारी इमारती जाळल्या, इराणचं कॉन्सुलेट जाळलं. मी तेव्हा तिथंच होतो. त्या पोरांच्या मागण्या काय होत्या तर पाणी, वीज आणि नोकरी, आणि नोकरी म्हणजे ऑइल फिल्डवरची नोकरी, जी त्यांच्या गावात असून आमच्यासारखे बाहेरचे करतात. जगातलं एवढं तेल ज्यांच्या पायाखाली आहे त्यांच्या घरात पंखा चालत नाही. गेटसमोर उन्हात टायर जाळून बसलेली वीस-बावीस वर्षांची पोरं बघितली की मला चाकणच्या कंपनीच्या गेटवर बायोडेटा घेऊन उभी असलेली पोरं आठवायची. त्यांचा राग समजून घे, त्यांच्याशी उर्मट वागू नकोस, लोकल हेल्परला हाताखाली घेऊन काम शिकव. लिबियातला तो स्टोअरकीपर आमच्यासाठी गेटवर बसला तो काही कंपनीच्या पॉलिसीमुळे नाही बसला.

अजून एक, अरबईन म्हणजे शिया मुसलमानांच्या यात्रेच्या दिवसांत बसऱ्यापासून करबल्यापर्यंत लाखो माणसं चालत जातात, वाटेवर गावोगाव तंबू, फुकट जेवण, पाय चेपून देतात, अगदी आपली वारीच. पालखी पुण्यात आल्यावर रस्ते कसे असतात ते तुला माहितीय, तसंच तिथं, त्यामुळे त्या आठवड्यात सुट्टीचं तिकीट काढू नकोस, आणि इलेक्शन निकालाच्या आसपास पण नको. हे कॅलेंडर भिंतीला लावून ठेव.

खरी माहिती कुठं मिळेल म्हणशील तर आपल्या पुण्यातच. पुणे कॅम्प भागात, कोंढव्यात, युनिव्हर्सिटीत इराकची, येमेनची, सुदानची पोरं कित्येक वर्षं शिकायला येतात. त्यांच्यातल्या एखाद्याबरोबर चहाला बस. तो रोज रात्री आईशी बोलतो, त्याला माहिती असतं की कुठल्या भागात आठवडाभर वीज नाही, कुठला रस्ता रात्री कुणी वापरत नाही. मी दुसऱ्यांदा सुदानला निघालो होतो तेव्हा एका सुदानी विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं, काका, विमानतळाच्या जवळचं हॉटेल घेऊ नका, काही झालं तर पहिलं तिथंच होणार. हे बोलणं झालं २०१९ ला. चार वर्षांनी तसंच झालं.

पैशाकडे येतो, आणि माझ्या मते तुझा निर्णय इथंच अडणार आहे. युक्रेनमधे आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारीलाच सांगितलं होतं की थांबायची गरज नसेल तर तात्पुरतं निघा. नऊ दिवस हातात होते. पोरं का निघाली नाहीत? तिकीट महागलं होतं, कॉलेज ऑनलाइन करायला तयार नव्हतं, आणि घरी एवढे पैसे भरलेले, वर्ष वाया गेलं तर काय सांगणार. पोरं मूर्ख नव्हती, अडकलेली होती, आणि युद्धाच्या आधीच अडकलेली होती. तू जर दीड लाख व्याजाने काढून एजंटला दिलेस आणि फ्लॅटचा हप्ता डोक्यावर घेऊन गेलास, तर दुसऱ्या महिन्यात रस्त्यावर काहीतरी विपरीत दिसलं तरी तू म्हणशील अजून एक पगार होऊ दे. मी म्हणालोय तसं. लिबियात जानेवारीच्या शेवटी शेजारच्या ट्युनिशियात आणि इजिप्तमधे काय चाललंय ते आम्ही टीव्हीवर बघत होतो, आमच्यातला एक कोल्हापूरचा वेल्डर म्हणाला मला हे बरं दिसत नाही, आणि १० फेब्रुवारीला स्वतःच्या खर्चाने घरी गेला. आम्ही त्याला हसलो. त्याच्या डोक्यावर कर्ज नव्हतं एवढाच काय तो आमच्यात आणि त्याच्यात फरक होता.

म्हणून माझी अट ही, की निघायच्या आधी सहा महिन्यांचे हप्ते म्हणजे तुझे सव्वा लाख आणि घरखर्चाचे वेगळे, हे बायकोच्या खात्यात असले पाहिजेत, आणि तुझ्याजवळ परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे. आज नसतील तर ही ऑफर सोड, सहा महिन्यांनी दुसरी येते, तुझ्या कामाच्या माणसाला तिकडे तोटा नाही. काँट्रॅक्टमधे एक ओळ बघ, सुरक्षेच्या कारणाने मी स्वतःहून परत आलो तर तिकीट कुणाचं, आणि दंड कापणार का. जिथं दंड आहे, कोरे चेक मागतात, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात, तिथं सही नको. पगार थेट तुझ्या एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं), "अर्धा तिथं दिनारमधे कॅश" नको. आणि टॅक्सचं सीएला विचार, कारण एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस झाले की तू इथला रहिवासी धरला जातोस, सप्टेंबर संपल्यावर निघालास तर पहिल्या वर्षी बाहेरच्या पगारावरही इथं टॅक्स बसेल.

जायचं ठरलंच तर एक छोटी बॅग कायम पलंगाखाली. पासपोर्ट, त्याच्या चार झेरॉक्स, ५०० डॉलर आणि त्यातले निम्मे तरी सुट्टे, नोटा नव्या आणि न दुमडलेल्या कारण जुन्या फाटक्या डॉलरला तिथं कुणी हात लावत नाही. फोन नंबर कागदावर लिहिलेले, फोन मेल्यावर बायकोचा नंबर पाठ नसतो हे मी बघितलंय. पॉवर बँक, बॅटरी, ओआरएस, चालू असलेल्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, पंचा, चणे-गूळ. बूट पलंगाशेजारी.

आणि घरी बायकोबरोबर बसून एक कागद करायचा, जायच्या आधी, डोकं थंड असताना. त्यावर लिहायचं की काय झालं म्हणजे मी परत येणार. माझ्या कागदावर चार गोष्टी होत्या: कंपनीने आपले परदेशी साहेब हलवले आणि आम्हाला ठेवलं तर, सलग दोन महिने पगार लांबला तर, दूतावासाने निघा म्हटलं तर, आणि विमान कंपन्यांनी त्या शहराच्या फेऱ्या बंद करायला सुरुवात केली तर. चारातली एक जरी झाली तरी निघायचं, तिथं बसून पुन्हा विचार करायचा नाही. कारण तिथं बसल्यावर रोज थोडं थोडं वाढतं आणि माणसाला सवय होते, काल दोन गोळ्यांचे आवाज आले आज चार आले, त्यात काय एवढं असं वाटायला लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरमधे बगदादला निदर्शनं सुरू झाली, मग दक्षिणेत पसरली, बसऱ्याजवळच्या उम्म कस्र बंदराचा रस्ता बंद झाला आणि आमचे साहेब लोक एका रात्रीत दुबईला गेले. मी म्हणत होतो दहा दिवस बघू. बायकोने फोनवर फक्त एवढंच म्हटलं, "कागदावरची पहिली ओळ झाली." तिसऱ्या दिवशी मी लोहगाव विमानतळावर उतरलो. पुढे त्या कॅम्पात कुणाला काही झालं नाही, सगळे सुखरूप आहेत, तरी मला ते तिकीट कधी महाग वाटलं नाही.

मावसभावाचं मात्र थांबवा, आजच. बँकॉकला उतरवून गाडीत घालतात, थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतला नेतात आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावड्डी भागात. २०२१ च्या बंडानंतर तिथं सरकारचं नीट राज्यच नाही, मोठ्या कंपाऊंडमधे कोंडून पोरांकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात, नाही म्हटलं तर मारतात, सोडायला पैसे मागतात. मार्च २०२५ मधे दोन दिवसांत साडेपाचशेच्या आसपास भारतीय पोरांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. टायपिंगच्या परीक्षेवर, व्हिसा ऑन अरायव्हलवर, फुकट तिकीट देऊन कुणी लाखभर पगार देत नाही. रशियात "हेल्पर" म्हणून नेलेली पोरं सैन्यात भरती केली गेली आणि त्यातली काही युक्रेनच्या आघाडीवर मेली, तोही असाच प्रकार. त्याला तुझ्यासारखे प्रश्न विचारायची गरज नाही, कारण तिथं ज्याला प्रश्न विचारायचे अशी कंपनीच नाही.

तुझ्या ऑफरला मी आज तरी नाही म्हणेन, बसऱ्यामुळे नाही, दीड लाखामुळे आणि आठ दिवसांमुळे. चांगली कंपनी माणसाला महिना देते, कारण तिलाही मेडिकल आणि व्हिसाला तेवढा वेळ लागतोच. एजंट बाजूला ठेवून कंपनीशी थेट बोलता आलं, लायसन्स निघालं, हप्त्याचे पैसे जमले, तर मी स्वतः तुला जा म्हणेन, काम चांगलं आहे आणि चार वर्षांत फ्लॅट मोकळा होतो. काँट्रॅक्टचा ड्राफ्ट मिळाला की घेऊन चिंचवडला ये, रविवारी सकाळी मी घरीच असतो, परतीची कलमं आपण ओळीनं वाचू. येताना बायकोलाही घेऊन ये, माझी बायको तिला तो कागद कसा करायचा ते दाखवेल, आमचा अजून कपाटात आहे.